जुन्या गाडीचे नूतनीकरण : काय बदलते आणि काय बदलत नाही



मोठ्या मार्गांवरून उतरवलेली जुनी गाडी कारखान्यात न्यायची, तिला नवे रूप द्यायचे आणि मग मध्यम अंतराच्या, दोन-तीन तासांच्या प्रादेशिक मार्गांवर चालवायची, हा उपाय जगातल्या बहुतेक रेल्वेंनी केव्हा ना केव्हा केलेला आहे. श्रीमंत देशांनी केला, गरीब देशांनीही केला. कधी तो उत्तम ठरला, कधी महागात पडला, आणि एकदा त्याची चर्चा माणसांच्या जिवापर्यंत जाऊन पोहोचली. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच उपाय आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण स्कॉटलंडचे घेतले आहे, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तिथे एकाच गाडीच्या गोष्टीत पाहायला मिळतात.

मुळात जुनी गाडी का घ्यावीशी वाटते? पैसा हे पहिले उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. त्याहून मोठे कारण वेळ हे आहे. नवी गाडी मागवायची म्हणजे आराखडा, निविदा, बांधणी, चाचण्या, चालकांचे प्रशिक्षण, देखभालीच्या शेडमधले बदल. यात सहज चार-पाच वर्षे जातात. प्रवासी मात्र आज फलाटावर उभा असतो. दुसरे कारण गाडीच्या शरीरात दडलेले आहे. रेल्वेच्या डब्याचा पोलादी सांगाडा नीट सांभाळला तर तीस-चाळीस वर्षे टिकतो. आसने, दिवे, फरशी, रंग, शौचालये ही त्याच्या कितीतरी आधी जीर्ण होतात. म्हणजे डबा जुनाट दिसू लागतो तेव्हा त्याच्या सांगाड्याचे निम्मे आयुष्य बऱ्याचदा शिल्लक असते. ते शिल्लक आयुष्य वाया का घालवायचे?

तिसरे कारण मालकीच्या रचनेत आहे. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात रेल्वेचे खासगीकरण झाले, तेव्हा गाड्यांची मालकी तीन भाडेकंपन्यांकडे गेली. गाडी चालवणारी कंपनी सात-दहा वर्षांच्या करारावर येई आणि जाई. गाडी तिच्यापेक्षा जास्त जगे. एका कंपनीला ती नकोशी झाली की मालक दुसरा भाडेकरू शोधत असे. त्यामुळे मुख्य मार्गावर नवी गाडी आली की जुनी गाडी दुय्यम मार्गावर उतरते, तिथली आणखी लहान मार्गावर, असा हा उतरता क्रम चालू राहतो. त्यातून प्रादेशिक मार्गावरच्या प्रवाशाला कधी कधी खरोखर चांगली गाडी मिळते. कधी मोठ्या मार्गाने टाकून दिलेली अडगळ त्याच्या वाट्याला येते. यांतले काय घडणार, ते कारखान्यात ठरते.

आता त्या गाडीकडे वळू. तिचे नाव हाय स्पीड ट्रेन. लोकांच्या तोंडी ‘इंटरसिटी १२५’, कारण ती ताशी १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर वेगाने धावायची. १९७० च्या सुमाराला ब्रिटिश रेल एक अतिप्रगत गाडी विकसित करत होती. ही गाडी वळणावर एका बाजूला कलणार होती, जुन्याच रुळांवरून वेगात जाणार होती. पण ते काम लांबत चालले. तोवर हाताशी काही असावे म्हणून टेरी मिलर या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली, माहितीच्या आणि खात्रीच्या तंत्रावर आधारलेली एक डिझेल गाडी तयार करायचे ठरले. दोन टोकांना दोन इंजिने, मध्ये सात-आठ डबे. १२ जून १९७३ रोजी तिच्या नमुना गाडीने ताशी १४३ मैल, म्हणजे सुमारे २३० किलोमीटरचा वेग गाठला आणि डिझेल गाड्यांचा जागतिक विक्रम केला. ४ ऑक्टोबर १९७६ पासून ती लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून ब्रिस्टल आणि दक्षिण वेल्सकडे धावू लागली. अशी १९७ इंजिने बांधली गेली. कलणारी गाडी प्रवासी सेवेत कधी नीट रुजलीच नाही, आणि तोवरची सोय म्हणून केलेली ही गाडी मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ धावत राहिली.

तिच्या यशाचे मर्म कशात होते? लोक वेगाकडे बघतात. अभियंते ब्रेककडे बघतात. जुन्या मार्गांवरचे सिग्नल ताशी १०० मैलांच्या गाड्यांच्या हिशेबाने बसवलेले होते. वेग १२५ मैलांवर नेऊनही गाडी त्याच अंतरात थांबली पाहिजे, नाहीतर सगळे सिग्नल हलवावे लागतील, एवढी ती गोष्ट निर्णायक होती. डिस्क ब्रेकमुळे ते साधले. रूळ तेच, सिग्नल तेच, आणि वेग चौथाईने अधिक. केनेथ ग्रेंज या रचनाकाराला खरे तर फक्त रंगसंगतीचे काम दिले होते. त्याने स्वतःहून हवेच्या बोगद्यात नमुने तपासले आणि गाडीच्या नाकाचा आकारच बदलून दाखवला. ते निमुळते पिवळे नाक पुढे ब्रिटनच्या रेल्वेची ओळख झाले. डबेही तितकेच चांगले होते. मार्क ३ या नावाचा हा डबा २३ मीटर लांबीचा, आतून शांत, आणि इंजिने दोन टोकांना असल्यामुळे पायाखाली घरघर नाही.

२०१७ पासून पश्चिमेकडच्या आणि पुढे पूर्वेकडच्या मुख्य मार्गांवर हिताची कंपनीच्या नव्या गाड्या येऊ लागल्या आणि या गाड्या मोकळ्या होऊ लागल्या. त्याची चाहूल आधीच लागली होती. एप्रिल २०१५ मध्ये स्कॉटलंडची रेल्वेसेवा चालवण्याचे कंत्राट डच सरकारी रेल्वेच्या ॲबेलिओ या कंपनीकडे गेले. कंपनीने शब्द दिला की ग्लासगो, एडिनबरा, स्टर्लिंग, पर्थ, डंडी, ॲबरडीन आणि इन्व्हर्नेस या सात शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर अशा २६ गाड्या, चार आणि पाच डब्यांच्या करून, पूर्ण नूतनीकरणानंतर २०१८ अखेरपर्यंत आणल्या जातील.

हे मार्ग नकाशावर लहान दिसतात. प्रत्यक्षात ते अवघड आहेत. एडिनबरा ते ॲबरडीन सुमारे २१० किलोमीटर. वाटेत फोर्थ आणि टे या दोन खाड्यांवरचे प्रसिद्ध पूल, आणि पुढे समुद्राला लागून कड्यांच्या अंगाने जाणारा मार्ग. पर्थ ते इन्व्हर्नेस सुमारे १९० किलोमीटर. बराचसा एकेरी, आणि मध्ये ड्रुमॉख्टरची ४५२ मीटर उंचीची खिंड, जिच्याहून उंच ठिकाणी ब्रिटनचा दुसरा कुठलाही मुख्य रेल्वेमार्ग जात नाही. इथे तोवर बहुतेक तीन डब्यांच्या डिझेल गाड्या धावत. इंजिन प्रत्येक डब्याच्या पोटाखाली, जागा अपुरी, आणि गर्दीच्या दिवशी तीन तास उभ्याने प्रवास.

मग ताशी २०० किलोमीटरची गाडी ताशी १६० किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या मार्गावर कशासाठी? कारण उपयोग तिच्या कमाल वेगाचा नव्हता. उपयोग होता तिच्या ताकदीचा. दोन इंजिने मिळून सुमारे ४,५०० अश्वशक्ती. ती पूर्वी आठ डबे ओढायची, आता चार किंवा पाच. चढावर ती दमत नाही, आणि स्थानकातून निघाली की चटकन वेग घेते. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते. तिथे वाचलेले एकेक मिनिट सगळ्या वेळापत्रकाला उपयोगी पडते. स्कॉटलंडला ही गाडी अनोळखीही नव्हती. लंडनहून ॲबरडीनला आणि इन्व्हर्नेसला ती कित्येक वर्षे येत होती. चालकांना ती ठाऊक होती, मार्गाला ती मानवत होती.

आणखी एक विचार यामागे होता, आणि तो दूरदृष्टीचा होता. स्कॉटलंडला आपले मार्ग हळूहळू विद्युतीकरणाखाली आणायचे आहेत. आज नवी डिझेल गाडी विकत घेतली तर तिचे पैसे वसूल व्हायला तीस-पस्तीस वर्षे लागणार. त्याच्या आतच मार्गावर विजेच्या तारा आल्या तर त्या गाडीचे करायचे काय? अशा मधल्या काळासाठी दहा-बारा वर्षे चालेल अशी जुनी, दणकट, भाड्याची गाडी हा अगदी योग्य पर्याय ठरतो. कागदावर ही योजना निर्दोष होती.

कागदावर. कारखान्यात काय झाले?

या गाडीचा दरवाजा कसा होता, ते नीट पाहण्यासारखे आहे. दरवाजाला आतून कडी नव्हती. गाडी थांबली की प्रवाशाने दरवाजातली काच खाली सरकवायची, हात खिडकीबाहेर काढायचा, बाहेरच्या अंगाची मूठ चाचपडत फिरवायची आणि जड दार ढकलायचे. उतरताना ते धाडकन लावायचे, किंवा मागच्याने लावायचे. कडाक्याच्या थंडीत, हातात पिशव्या, कडेवर मूल. म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला, मूल घेऊन आलेल्या बाईला हे दार म्हणजे अडथळा होता. दाराची खाली सरकणारी काच हा वेगळाच धोका होता. डिसेंबर २०१८ मध्ये बाथ शहराजवळ अशाच एका गाडीच्या दारातून डोके बाहेर काढलेल्या एका प्रवासी तरुणीचा फांदी लागून मृत्यू झाला. शिवाय १ जानेवारी २०२० पासून अपंगांना वापरता न येणारी गाडी ब्रिटनमध्ये चालवायला खास सवलतीखेरीज परवानगी नव्हती.

म्हणून बटण दाबले की सरकणारी दारे बसवायची होती. ऐकायला किती सोपे! पण सरकणाऱ्या दाराला आत शिरायला भिंतीत पोकळी लागते, वर यंत्रणा लागते, वीज आणि दाबाची हवा लागते, प्रत्येक दार बंद असल्याची खबर चालकापर्यंत नेणारी तार लागते. त्यासाठी डब्याची दोन्ही टोके कापून पुन्हा बांधावी लागली. डबा म्हणजे सांगाडा आणि पत्रा मिळून भार पेलणारी एकसंध नळी. टोकाला कापले की त्या नळीचे बळ पुन्हा जुळवून आणावे लागते. आणि एकदा कापल्यावर आतला गंज दिसतो. चाळीस वर्षांत पाणी कुठे कुठे मुरले, कोणत्या डब्याची कधी आणि कशी डागडुजी झाली, कोणती तार कोणी कुठून फिरवली, याचा इतिहास प्रत्येक डब्याचा वेगळा. एकाच आराखड्यावर बांधलेले डबे चाळीस वर्षांनी एकसारखे उरत नाहीत. जुन्या वाड्याच्या भिंतीचा गिलावा काढल्याशिवाय आतल्या तुळया किती किडल्या आहेत ते कळत नाही, तसेच हे. पहिल्या डब्यावर बसवलेला वेळाचा हिशेब विसाव्या डब्याला लागू पडत नाही.

शौचालयांचेही तेच. जुन्या डब्यांतले मैलापाणी सरळ रुळांवर पडत असे. हा प्रकार भारतीय प्रवाशांना नवा नाही. इथे जैव शौचालये येईपर्यंत तेच चालत होते. स्कॉटलंडमध्ये रुळांवर काम करणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला होता, आणि तो रास्त होता. आता डब्याखाली टाक्या बसवायच्या, त्यांच्यासाठी जागा काढायची, आणि त्या रिकाम्या करण्याची सोय प्रत्येक देखभाल केंद्रात करायची.

परिणाम असा झाला की मुदत चुकली. ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिली गाडी ॲबरडीन ते एडिनबरा मार्गावर धावली, पण बाकीच्या वेळेवर तयार झाल्या नाहीत. मग नूतनीकरण न झालेल्या, जुन्याच दारांच्या गाड्या तात्पुरत्या सेवेत आणाव्या लागल्या. ज्या प्रवाशाला नव्या रूपातल्या गाडीचे वचन दिले होते, त्याच्यासमोर १९७० च्या दशकातले दार येऊन उभे राहिले. काही गाड्यांना २०२० च्या अटीतून सवलत घ्यावी लागली. जुनी गाडी घेण्याचे मोठे कारण वेळ वाचवणे हे होते, आणि वेळच हातून निसटला. नूतनीकरणाची योजना आखताना सगळ्यात जास्त चुकतो तो हा हिशेब: खर्चाचा नव्हे, अज्ञाताचा. मालकाने आणि रेल्वेने आधी दोन-तीन डबे पूर्ण उघडून, अगदी सांगाड्यापर्यंत पाहून मगच मुदत जाहीर करावी, हे इथे कळकळीने सांगावेसे वाटते.

पूर्ण झालेल्या गाड्या मात्र चांगल्या निघाल्या, हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. डबे प्रशस्त, शांत, सामानाला जागा, खाण्यापिण्याची सोय, जास्त आसने. इन्व्हर्नेसच्या डोंगरातून जाताना मोठ्या खिडकीतून दिसणारा देखावा. प्रवाशांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या बाजूला, चार डब्यांसाठी दोन मोठी डिझेल इंजिने म्हणजे इंधन जास्त आणि धूरही जास्त. मूळच्या जागी पुढे बसवलेल्या नव्या इंजिनांनी तो कमी झाला होता, थांबला नव्हता.

आता या विषयाचा सगळ्यात गंभीर भाग.

१२ ऑगस्ट २०२० ची सकाळ. ईशान्य स्कॉटलंडमध्ये रात्रीपासून मुसळधार पाऊस. ॲबरडीनहून ६ वाजून ३८ मिनिटांनी ग्लासगोकडे निघालेली अशीच एक चार डब्यांची गाडी पुढे दरड कोसळल्यामुळे थांबवण्यात आली आणि तिला परत ॲबरडीनकडे पाठवायचे ठरले. स्टोनहेवन गावाजवळ कारमाँट येथे डोंगरउतारावरच्या निचऱ्याच्या चरातून वाहून आलेली खडी रुळांवर पसरली होती. त्या मार्गाच्या नेहमीच्या वेगाने, ताशी सुमारे ११७ किलोमीटरने, गाडी त्यावर गेली, घसरली, एका पुलाच्या कठड्यावर आदळली आणि डबे इतस्ततः फेकले गेले. गाडीत नऊ माणसे होती. चालक, कंडक्टर आणि एक प्रवासी असे तिघे गेले. उरलेली सहा जखमी झाली. करोनाच्या निर्बंधांचे दिवस नसते तर गाडीत कितीतरी जास्त माणसे असती.

अपघाताचे कारण गाडी नव्हते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या अधिकृत तपास अहवालाने ते स्वच्छ सांगितले: २०११-१२ मध्ये बांधलेला तो निचऱ्याचा चर आराखड्याप्रमाणे बांधलेला नव्हता, आणि अतिवृष्टीच्या वेळी गाड्यांचा वेग कमी करण्याची व्यवस्था अपुरी होती. रुळांची मालकी असलेल्या नेटवर्क रेल या संस्थेने २०२३ मध्ये न्यायालयात दोष मान्य केला आणि तिला ६७ लाख पौंडांचा दंड झाला.

पण त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि नूतनीकरणाच्या प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर तो असायला हवा. अपघातात डबे कसे टिकले पाहिजेत याचे आधुनिक नियम ब्रिटनमध्ये जुलै १९९४ पासून लागू झाले. ही गाडी त्यांच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची. नव्या नियमांप्रमाणे बांधलेली गाडी तिथे असती तर परिणाम कमी भीषण झाला असता ही शक्यता जास्त आहे, असे तपास अधिकाऱ्यांचे मत पडले. नव्या गाडीत डबे एकमेकांना अधिक घट्ट धरून राहतात, चाकांच्या बोग्या डब्यापासून सहसा सुटत नाहीत, चालकाची केबिन धक्का सोसण्यासाठी बांधलेली असते. या गाडीच्या चालकापुढचे ते देखणे नाक काचतंतूंच्या प्लास्टिकचे होते.

यात नूतनीकरणाची मर्यादा अगदी उघडी पडते. इंजिन बदलता येते, आणि ते बदललेही होते. दारे बदलता येतात. शौचालये, दिवे, आसने, रंग, घोषणांची यंत्रणा, सगळे बदलता येते. पण सांगाडा धक्का कसा सोसतो, ऊर्जा कुठे जिरवतो, डबे एकमेकांना कसे धरतात, हे त्याच्या जन्माच्या वर्षी ठरलेले असते. ते नंतर थोडेफार सुधारता येते, मुळातून बदलता येत नाही. नवा रंग लावलेल्या, नव्या आसनांच्या गाडीत बसणाऱ्या प्रवाशाला हे दिसत नाही. म्हणून ते पाहण्याची जबाबदारी प्रवाशाची नसून गाडी आणणाऱ्याची असते.

याचा अर्थ जुनी गाडी वापरूच नये असा घ्यायचा का? चालकांच्या संघटनेने या गाड्या सेवेतून काढाव्यात अशी मागणी केली. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. अपघातात सर्वांत आधी पुढे असतो तो चालक. दुसरी बाजू अशी की गाड्या एकदम काढल्या तर सेवा तुटते, माणसे रस्त्यावर, मोटारीत जातात, आणि रस्ता रेल्वेपेक्षा कितीतरी धोकादायक आहे. म्हणून अहवालाने बंदीची शिफारस केली नाही. अशा गाड्यांमुळे किती जादा धोका येतो तो मोजा आणि तो कमी करण्याचे उपाय शोधा, असे त्याने सांगितले. हा मार्ग योग्य आहे. मात्र जोखीम सेवेत आणण्याआधी मोजली पाहिजे. तिघे गेल्यावर नव्हे.

सांगाड्याइतकीच न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे सिग्नल. इथे न्यूझीलंडचे उदाहरण थोडक्यात घेण्यासारखे आहे. ऑकलंड आणि हॅमिल्टन या दोन शहरांमध्ये २००१ नंतर नोकरदारांसाठी रेल्वे उरली नव्हती. ६ एप्रिल २०२१ रोजी ‘ते हुइया’ नावाची गाडी सुरू झाली. तिचे डबे मूळचे ब्रिटिश, १९७० च्या दशकातले मार्क २. ते जहाजाने न्यूझीलंडला आले, १,०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजसाठी नव्या बोग्यांवर बसवले, ऑकलंडच्या उपनगरी सेवेत दहाएक वर्षे राबले, विजेच्या गाड्या आल्यावर बाजूला पडून राहिले, आणि मग हट येथील कारखान्यात पुन्हा सजले. एका डब्याचे हे तिसरे आयुष्य. सेवा लोकप्रिय झाली. पण ऑकलंडमध्ये तोवर आधुनिक युरोपीय सुरक्षा प्रणाली आली होती, जी चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवते. या गाडीच्या जुन्या इंजिनांवर ती नव्हती. लाल सिग्नल ओलांडल्याच्या घटनांनंतर जुलै २०२३ मध्ये नियामकाने गाडीला शहराच्या मध्यभागी यायला मनाई केली. प्रवाशांना पापाकुरा या उपनगरी स्थानकावर उतरून दुसरी गाडी धरावी लागली. इंजिनांवर ती प्रणाली बसवल्यावरच गाडी पुन्हा शहरात आली. डबे चकाचक होते, पण मार्ग त्यांच्यापेक्षा पुढे गेला होता.

भारतात, आणि महाराष्ट्रात, हा प्रश्न वेगळ्या रूपात रोजच्या रोज सुटत असतो. माटुंगा आणि लोअर परळच्या कारखान्यांत डबे ठरावीक मुदतीने येतात. कामगारांच्या भाषेत त्याला पीओएच म्हणतात. चाके, बोग्या, ब्रेक, गंज, रंग सगळे पाहून डबा परत पाठवला जातो. ही देखभाल. त्यापलीकडचे काम, म्हणजे अर्धे आयुष्य संपलेला डबा पूर्ण उघडून त्याचे पुनर्वसन, भोपाळजवळच्या निशातपुरा कारखान्यात होते. आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘उत्कृष्ट’ योजनेत जुन्या आयसीएफ डब्यांना, म्हणजे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीच्या डब्यांना, नवे रंग, नवे दिवे, चांगली शौचालये देण्यात आली. ही तीन कामे वेगवेगळी आहेत. वर्तमानपत्रात तिन्हींना एकच शब्द वापरला जातो आणि प्रवाशाची समजूत होते की डबा नवा झाला. पीओएचने डबा सुरक्षित चालण्याजोगा राहतो, पुनर्वसनाने त्याचे आयुष्य वाढते, सजावटीने तो सुखाचा होतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

आयसीएफ डब्याची गोष्ट मार्क ३ सारखीच आहे. पेरांबूरच्या कारखान्यात स्विस आराखड्यावर १९५५ पासून हे डबे बांधले गेले आणि देशाचा भार त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ वाहिला. पण दोन डब्यांना स्क्रू कपलिंगने जोडण्याच्या पद्धतीमुळे अपघातात डबे एकमेकांवर चढण्याचा धोका राहिला. जर्मन आराखड्याच्या एलएचबी डब्यात मधले कपलर डब्यांना धरून ठेवतात आणि चढू देत नाहीत. भारतीय रेल्वेने इथे शेवटी योग्य निर्णय घेतला: जानेवारी २०१८ मध्ये आयसीएफ पद्धतीच्या डब्यांची बांधणी थांबवली. कित्येक वर्षे सजावट आणि बदल ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालू राहिली, आणि त्यात गैर काही नाही, जोवर सजावट हा बदलाचा पर्याय मानला जात नाही.

मुंबई-पुण्याची दख्खनची राणी हे आंतरशहर गाडीचे आपले सर्वांत प्रिय उदाहरण. १ जून १९३० पासून ती धावते आहे. १९६६ मध्ये तिला पेरांबूरचे पोलादी डबे मिळाले. १९९५ मध्ये जवळजवळ सगळे डबे पुन्हा बदलले. जून २०२२ मध्ये एलएचबी रेक आला. प्रत्येक वेळी नाव तेच राहिले, वेळ जवळपास तीच राहिली, खानपानाचा डबा राहिला, आणि सांगाडा मात्र बदलत गेला. पासधारकांना जुन्या डब्यांचा लळा होता. नव्या डब्यांची आसनव्यवस्था आवडली नाही म्हणून तक्रारीही झाल्या असतील. तरीही घाटातून रोज हजारो माणसे नेणाऱ्या गाडीचा सांगाडा बदलणे बरोबर होते.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. नूतनीकरण केलेली गाडी सेवेत केव्हा आणायची याची चर्चा खूप होते. ती सेवेतून केव्हा काढायची याची फारच कमी. स्कॉटलंडच्या गाड्या मधल्या काळासाठी आणल्या होत्या, पण विद्युतीकरण अपेक्षेहून सावकाश चालले आणि मधला काळ लांबत गेला. गाडी पन्नाशीच्या घरात पोहोचल्यावर सुटे भाग मिळेनासे होतात, ती दुरुस्त करणारी कुशल माणसे निवृत्त होतात, आणि एका गाडीचे भाग काढून दुसरीला लावावे लागतात. नैऋत्य इंग्लंडमध्ये अशाच चार डब्यांच्या गाड्या कार्डिफपासून पेन्झन्सपर्यंतच्या मार्गांवर काही वर्षे चालवून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आल्या. काही इंजिने आणि डबे जहाजाने मेक्सिकोला गेले आणि डिसेंबर २०२३ पासून तेहुआन्तेपेकच्या संयोगभूमीवर, अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांच्या किनाऱ्यांना जोडणाऱ्या मार्गावर, प्रवासी सेवेत लागले.

म्हणून जुन्या गाडीच्या निवृत्तीचे वर्ष नूतनीकरणाच्या करारातच लिहिलेले असावे, आणि तिच्या जागी येणाऱ्या गाडीची मागणी त्या वर्षाच्या चार-पाच वर्षे आधी नोंदवलेली असावी. तारा कुठवर आल्या, कुठवर येणार, बॅटरीवर किंवा विजेवर-डिझेलवर दोन्ही चालणारी गाडी घ्यायची का, हे ठरवायला तेवढा अवधी लागतोच. पर्थच्या पुढे इन्व्हर्नेसपर्यंतच्या चढावर, एकेरी मार्गावर आणि हिवाळ्याच्या बर्फात यांतली कोणती गाडी टिकेल, ते तिथे चाचणी घेऊनच ठरवावे लागेल. आणि त्या चाचणीच्या वर्षांत जुन्या गाडीची देखभाल कमी न करता उलट वाढवावी लागेल, कारण सेवेची शेवटची वर्षे हीच तिच्या सांगाड्याची सर्वांत जुनी वर्षे असतात.